नर्सबाईंनी हात धुतले तेव्हा

आमच्या डहाणूच्या नर्सबाई माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याचा डोळा बघायच्या. भर मासळीबाजारात, हनुवटी धरून, तोंड उजेडाकडे वळवून. "चेहरा थापा मारतो, डोळा थापा मारत नाही," असं म्हणायच्या. लोक त्यांना टरकून असत. मी तर त्या दिसल्या की मासळीच्या पाट्यांआड लपायचे.

साठ सालानंतरची गोष्ट. त्यांनी बाजारात आईचा डोळा असाच पाहिला, तो पिवळा दिसला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दारात हजर. तोवर बाबांनी झाई गावाहून कावीळ उतरवणारा आणला होता. त्यानं आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आईच्या हातांना चोळला आणि हात ताटातल्या चुन्याच्या पाण्यात धुतले. पाणी पिवळंजर्द झालं. बाबा खूश. "उतरली बघा. माझी पण अशीच उतरली होती."

नर्सबाईंनी पदर खोचला, तोच रस स्वतःच्या हातांना चोळला आणि दुसऱ्या ताटात चुन्याचं ताजं पाणी घेऊन हात धुतले. तेही पिवळं. "आता मलाही कावीळ झाली म्हणा," त्या म्हणाल्या. उतरवणारा उठून चालता झाला. घरी बोलावलेल्या माणसाचा अपमान झाला म्हणून बाबा भयंकर तापले.

बाई हटतात कसल्या! "भाऊ, तुमची कावीळ घाण पाण्याची होती. पथ्यानं, आरामानं आपली आपण गेली. वहिनींच्या पोटात कळा येतात, अंगाला खाज आहे, शौचाला पांढरं होतं. यांच्या पित्ताची वाट खड्यानं अडली असणार. मुंबईला न्या, नाहीतर बाई हातची जाईल."

चारचौघांत कधी तोंड न उघडणारी माझी आईच म्हणाली, "मी जाते." आणि गेली, बाईंबरोबर, दुपारच्या गाडीनं.

ऑपरेशन होऊन ती धडधाकट परतली. पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? आई म्हणे पिवळ्या पाण्यानंच वाचली. वर कुणीतरी बाईंविरुद्ध अर्ज केला आणि त्यांची बदली झाली. मला अजून चीड येते, आणि ती यायलाच हवी.

स्टेशनवर निरोपाला आम्ही आणि बाजारातल्या चार मासळीवाल्या. तिथंही बाबा कुणाला तरी सांगत होते, "आधी उतरवली होती, म्हणून ऑपरेशन झेपलं."

आईनं ते ऐकलं. भर फलाटावर तिनं पदर सारला आणि पोटावरचा वीतभर व्रण दाखवला. "हे चुन्याच्या पाण्यानं झालं का हो?"

गाडी आली तेव्हा बाबांनी खाली मानेनं बाईंची ट्रंक उचलली आणि डब्यात नेऊन ठेवली.