रेघ आणि तीन ठिपके

आई वारली त्या दिवशी ताईने आणि मी तिला अंघोळ घातली. तिच्या पोटावर बेंबीपासून खाली टाक्यांची रेघ होती. ताईने तिच्यावरून पाणी सोडलं.

ती रेघ मी शाळेत जाऊ लागले त्या सुमाराची. तेव्हा पोट फाडूनच ऑपरेशन करत. पिशवी काढली, एवढं आईला ठाऊक होतं. पिशवीबरोबर आणखी काय काढलं, हे तिला कोणी सांगितलं नाही. ती अधूनमधून बाबांना विचारायची. बाबा म्हणायचे, "सही करा म्हणाले, मी केली. विचारायचं सुचलं नाही." यावर ती भांडायची नाही. भाजी चिरत राहायची.

नव्वदचं दशक संपत आलं असताना ताईच्या उजव्या बीजांडकोशात गाठ निघाली. ताईचं लग्न व्हायचं होतं. कॉलेज रोडवरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, गाठ साधी वाटते, दुर्बिणीने काढू. बीजांडकोश वाचेल की तोही काढावा लागेल, हे मात्र आत गेल्यावरच कळेल.

आईने एवढंच विचारलं, "काय काढलं ते मला दाखवाल?"

"काढतानाच बघा," त्या म्हणाल्या. "बाहेर टीव्ही लावतो आम्ही."

मला कुठलीही गोष्ट आधी पुस्तकात बघायची सवय. वाचनालयातून शरीरशास्त्राचं पुस्तक आणलं. त्यात बीजांडकोश बदामासारखा काढला होता आणि बाण दाखवून नाव लिहिलं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी थिएटरबाहेरच्या खोलीत आई खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी समोर बसली. बाबांनी टीव्हीकडे पाठ केली आणि पेपर उघडला. पडद्यावर आधी नुसता धूसर लाल उजेड आला, मग चित्र स्थिरावलं. गॅस भरून पोट फुगवतात आणि बेंबीतून कॅमेरा घालतात, हे मी वाचलं होतं. पण आतली जागा एखाद्या दालनासारखी असेल, ओली, चकाकती, असं कुठे लिहिलेलं नव्हतं. बाण तर कुठेच नव्हते.

सुनेच्या बाळंतपणासाठी घोटीहून आलेल्या एक आजी दारात थबकल्या. "ह्ये काय लागलंय वो बाई?"

"माझ्या मुलीचं पोट आहे," आई म्हणाली.

आजींनी पदर तोंडाला लावला, आणि मग त्या आईशेजारी टेकल्या. "लय गुलाबी हाय."

"संपलं का?" बाबांनी पेपरामागून विचारलं.

"वळून बघा की. मुलगी तुमचीही आहे."

"तूच सांग."

मग आई सांगत राहिली. दोन बाजूंनी दोन चिमटे आलेत. गाठ पिवळट आहे, मोसंबीएवढी. आता वरचं साल जरासं कापलं. आता सोलतायत. आणि खरंच, भिजवलेला वाल सोलावा तसं डॉक्टर बीजांडकोशाच्या पापुद्र्यातून गाठ सोडवत होत्या.

"ओढू नका," आई पडद्याला म्हणाली. "फाटेल. सावकाश."

"आत ऐकू जातं व्हय?" आजींनी विचारलं.

"नाही."

"मंग घसा कशाला कोरडा करता?"

थोड्या वेळाने पडद्यावर एक रबरी हातमोजा उलगडला. गाठ त्यात सरकवली गेली, मोजा वर ओढला गेला. कॅमेराही त्याच्यामागे गेला आणि जिथे गाठ होती तिथे काही दिसेना. आई बोलायची थांबली.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"सगळंच गेलं वाटतं."

बाबांनी पेपर खाली ठेवला आणि ते वळले. तोवर कॅमेरा परत खाली आला होता. कोपऱ्यात रिकाम्या बटव्यासारखं काहीतरी सुरकुतून पडलं होतं. "हे काय आहे?" बाबांनी मला विचारलं. मी पुस्तकातलं चित्र आठवून पाहिलं. ते बदामासारखं नव्हतं.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा ट्रे होता. त्यात गाठीचं फाटलेलं आवरण, तुपासारखं काहीतरी, आणि काळ्या केसांचा पुंजका.

"केस?" आई वाकली. "कुणाचे?"

"तिचेच. अशा गाठीतल्या पेशींना त्वचा, केस बनवायचं ठाऊक असतं. कधी दातसुद्धा निघतो."

"त्याला तेल कोन लावतं?" आजी म्हणाल्या. डॉक्टर हसल्या.

आई हसली नाही. "आणि बाकीचं?"

"आत आहे. सुरकुतलेलं दिसलं ना, तोच बीजांडकोश. ठेवलाय. हळूहळू सावरेल."

त्यानंतर बाबांनी विचारायला सुरुवात केली. डावा कसा आहे, गाठ परत होईल का, तपासणीला काय पाठवणार, उत्तर कधी येणार. आई ट्रे सोडून त्यांच्याकडे बघत राहिली.

तपासणीचं उत्तर चांगलं आलं. टाके दाखवायला गेलो तेव्हा आईने डॉक्टरांना विचारलं, "माझं काय काढलं, ते या दुर्बिणीतून दिसेल?"

"दिसेल. पण नुसतं बघायला कोणी पोटात शिरत नाही, आई."

"मी शिरले असते," आई म्हणाली.

पुढे ताईला मुलगी झाली. ती कोणत्या बाजूमुळे, हे सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाल्या. आई मात्र उजवीकडच्या बीजांडकोशामुळे, असंच सांगायची. "मी पाहिलाय तो," म्हणायची.

आईच्या पोटात काय राहिलं होतं आणि काय नव्हतं, हे आम्हाला कधी कळलं नाही. आता ती रेघही नाही. ताईच्या पोटावर तीन ठिपके आहेत. त्यातला बेंबीतला शोधावा लागतो.