कुरडया कोणी बुडवल्या?

माझ्या हातून आजवर एकही चूक झालेली नाही. ज्या झाल्या, त्या इतरांनी माझ्याकडून करवून घेतल्या.

आता कुरडयांचंच घ्या. आमच्या मुग्धाचं लग्न तोंडावर आलेलं. "लेकीच्या रुखवतात विकतच्या कुरडया? मी मेल्यावर!" असं सुनंदानं (बायको!) ठणकावून सांगितलं. गहू भिजवले, वाटले, चीक काढला, शिजवला आणि रविवारी भल्या सकाळी गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पांढऱ्याशुभ्र कुरडया घातल्या. मला म्हणाली, "अहो, जरा लक्ष ठेवा हं. कबुतरं येतात."

रविवारी सकाळी नाशिककराला मिसळीखेरीज कशाकडेही लक्ष देता येत नाही, यात माझा काय दोष? गेलो. मिसळ, वर पुन्हा तर्री, मग जिलबी. परत येतो तो गच्चीवरून सुनंदाचा आवाज थेट पार्किंगमध्ये!

टाकी भरून वाहिली होती. कुरडया कसल्या, गच्चीभर नुसती खळ! (गल्लीतले सगळे सदरे कडक झाले असते.) सुनंदा त्यात अनवाणी उभी, डोळे भरलेले. मुग्धा म्हणाली, "आई, विकतच्या आणू या ना." त्यावर ती हमसून हमसून रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मला राग येतो. दुसऱ्याचा.

"मोटर कोणी चालू ठेवली?" मी सोसायटीचा चेअरमन, आवाज सगळ्या मजल्यांवर पोचला. "आहेर! तुमचंच काम!"

शेजारचे आहेर तोंडाला दाढीचा फेस तसाच ठेवून वर आले. "मी? अहो, मी आत्ता उठलोय!"

"मग टाकीचा फ्लोट बिघडलाय!"

"फ्लोट बसवलाय कुठे? मीटिंगमध्ये तुम्हीच खर्च नको म्हणालात."

"मग आज पाण्यालाच प्रेशर जास्त आहे! ते काही नाही, कॅमेरा बघू या," मी गरजलो. "ज्यानं मोटर चालू ठेवली, त्यानंच नव्या कुरडया करून द्यायच्या. चेअरमनचा निकाल!"

वॉचमनच्या केबिनमध्ये सगळी बिल्डिंग जमली. पडद्यावर एक हाफ पँटवाला आला. त्यानं मोटरचं बटण दाबलं, आहेरांच्या गाडीच्या आरशात भांग पाडला आणि शीळ घालत गेटबाहेर पडला.

"चेहरा काही स्पष्ट दिसत नाही," मी म्हणालो.

"बाबा, चड्डी स्पष्ट दिसतेय," मुग्धा म्हणाली.

आहेर फेसातून हसले. सुनंदा मात्र हसली नाही, ओरडलीही नाही. "अहो, लग्नाला एवढी वर्षं झाली. एकदा तरी 'माझं चुकलं' म्हणा," एवढंच म्हणाली. ती भांडली असती तर मी जिंकलो असतो हो!

"चुकलं माझं." आले एकदाचे शब्द बाहेर.

मग मीच गहू भिजवले. चीक घाटताना खांदा पार निखळायला आला, आणि ही समोर खुर्ची टाकून, चहा पीत, "गुठळ्या होतायत हं!" रुखवतात मुग्धानं पाटी लावली, 'बाबांच्या हातच्या कुरडया'. लग्नभर मी त्या पाटीशेजारीच उभा होतो. अक्षता टाकायलाही तिथून हललो नाही.

लग्न पार पडलं आणि थोड्याच दिवसांत व्याह्यांचा फोन आला. "कुरडया तळल्या, पण एकही फुलली नाही हो. केल्या कोणी?"

सुनंदा शेजारीच होती. मी छाती पुढे काढली.

"मी केल्या. संपूर्ण जबाबदारी माझी!" तिच्या चेहऱ्यावर काय कौतुक फुललं म्हणून सांगू! "पण काय हो," मी पुढे म्हणालो, "तेल नीट तापवलं होतंत ना तुम्ही?"