नॉर्मनचा उजवा पाय

माझ्या नवऱ्याच्या उजव्या पायावर माझा काडीचा विश्वास नाही. माणूस सोन्यासारखा आहे, म्हणून तर काळजी.

आमचं घर डर्बीशायरच्या डोंगरात, एका उभ्या उतारावर. नॉर्मनने सगळा जन्म दगडाच्या खाणीत काढला. लग्न झालं तेव्हा त्याच्याकडे ५६ सालची नॉर्टन मोटरसायकल होती. तिचं नाव त्याने डोरिस ठेवलं होतं. तिच्यावर मागे बसून मी पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि भिजून आठवडाभर अंथरुणात पडले. जिलियन पोटात होती तेव्हा डोरिस विकून आम्ही बाबागाडी आणि शेगडी घेतली. गिऱ्हाईक तिला घेऊन गेलं त्या दिवशी नॉर्मन जेवला नाही. मी मेले तर तो जेवेल, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पुढे खाणीवर जायला त्याने जपानी मोटरसायकल घेतली. ती तीस वर्षं टिकली. कधी तेल गळलं नाही, कधी रस्त्यात बसली नाही. तिला मात्र त्याने कधी नाव ठेवलं नाही.

निवृत्त झाला त्याच वर्षी एका जाहिरातीत त्याला डोरिस दिसली. लिंकनशायरच्या कुठल्या गोठ्यात गवताखाली पडली होती. नंबर तोच, आणि जुन्या नोंदपुस्तकात मालकांच्या यादीत दुसरं नाव नॉर्मन हीथकोट. ते पुस्तक हातात धरून तो आमच्या स्वयंपाकघरात रडला. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

जुन्या इंग्लिश गाड्यांचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. जपानी गाडीचं बरोबर उलटं. म्हणजे तीस वर्षं नॉर्मन उजव्या पायाने थांबत आला होता. डोरिसवर तोच पाय खाली दाबला की वरचा गिअर पडतो. गाडी थांबायची सोडून आवाज जड करते आणि पुढे ओढत राहते.

रविवारी अशा जुन्या गाड्यांवाली सगळी म्हातारी पोरं घाटाखालच्या हॉटेलात जमतात. प्रत्येकाचा चहाचा मग तिथे खुंटीला टांगलेला. पाय चुकल्याची गोष्ट प्रत्येकाकडे आहे. वॉल्ट बॅगशॉ तळ्यात गेला होता आणि सांगताना दर रविवारी नव्याने जातो. एका रविवारी मीही बसने तिथे गेले होते.

"बदकं उठून बाजूला झाली," वॉल्ट म्हणाला. "त्यांना माझ्यापेक्षा जास्त अक्कल."

"ती तर तुझ्या बुटांनाही आहे," मी म्हटलं. "आणि लेनचं काय झालं?"

लेनचाही असाच पाय चुकला होता, आणि तो घाटातून परत आलाच नाही. लेनचा हिरवा मग खुंटीलाच होता. हॉटेलवाली तो दर आठवड्याला पुसते आणि पुन्हा टांगते.

घरी आल्यावर नॉर्मन म्हणाला, "अगं, पाय काही विसरत नसतो. डोरिसवर बसलो की आपोआप आठवतं."

शांतपणे चालवताना आठवायचं, हे खरं होतं. पण एकदा तो खुर्चीत बसून चहा पीत होता आणि मांजराने फळीवरून बरणी पाडत खाली उडी मारली. नॉर्मन दचकला. त्याचा उजवा पाय फरशीवर दाणकन आपटला. डावा जागचा हललाही नाही. पुढच्या रविवारी मी हेल्मेट घेऊन त्याच्या मागे बसले.

बरं झालं बसले. आमच्या उताराच्या खाली छोटं चर्च आहे, त्या चॅपलच्या वळणावर एक ट्रॅक्टर मेंढ्यांची गाडी ओढत आडवा आला. नॉर्मनचा उजवा पाय खाली गेला. डोरिसचा आवाज एकदम जड झाला आणि आम्ही तसेच पुढे. हातातला ब्रेक त्याने आवळला होता, पण त्या उतारावर तो कितीसा पुरणार?

"डावा! नॉर्मन, डावा!"

मेंढ्यांच्या गाडीपासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो. फळ्यांमधून एक मेंढी माझ्याकडे बघत होती.

"विकून टाक तिला," घरी आल्यावर मी म्हटलं.

"एकदा विकली होती, बेरिल," तो म्हणाला. "पुन्हा नाही जमायचं मला." मग माझं हेल्मेट उचलून ठेवत, "तू आहेस ना मागे."

मी तिथेच हट्टाला पेटायला हवं होतं. पण त्याचा चेहरा बघवेना. तेव्हापासून पाच वर्षं मी दर रविवारी मागे बसले आणि प्रत्येक वळणाआधी त्याच्या खांद्यावर थाप मारून 'डावा' म्हणत आले. वॉल्ट मला नॉर्मनचा ब्रेक म्हणतो. हॉटेलात आता माझाही मग आहे.

तिसऱ्या वर्षी माझा खुबा दुखायला लागला. सांधा बदलायला हवा, डॉक्टरांनी सांगितलं, आणि मग सहा महिने गाडीवर बसणं बंद. मी तारीख पुढे ढकलली. मग आणखी एकदा. नॉर्मनला सांगितलं, दवाखान्यात गर्दी फार आहे.

गेल्या रविवारी फाटकाशी डोरिस सुरू होती. मी पाय उचलला, तो सीटच्या वर जाईना. दुसऱ्यांदा प्रयत्न केला आणि डोळ्यांत पाणी आलं.

नॉर्मनने माझा हात धरून मला खाली उभं केलं. "तू घरी थांब. मी हळू जातो आणि वाटभर म्हणत जातो, डावा, डावा. झालं?"

"आजचा दिवस नको जाऊस."

"चारला परत येतो. केक ठेव."

तो गेला. मी फाटक धरून ऐकत राहिले. पाच वर्षांत त्या उतारावरचा तिचा प्रत्येक गिअर मला कानाने पाठ झालाय. दुसरा, तिसरा, मग चॅपलच्या वळणाआधी पुन्हा दुसरा. तिथे आवाज बारीक होऊन चढायला हवा. तो चढला नाही. त्या मेंढ्यांच्या दिवशी झाला होता तसा एकदम जड झाला.

"डावा, नॉर्मन," मी म्हटलं, फाटकाशी उभी राहून, अगदी मोठ्याने.