मेथीवर जगलेलं वासरू

पवनारपासून जरा आत आमचं छोटंसं शेत आहे. नवरा वर्ध्याला नोकरीवर जातो, म्हणून दिवसभर तिथे माझं आणि मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, राज्य असतं. गोठा त्यांचा, भाजीची वाडी माझी, आणि मधे काट्यांचं कुंपण. त्यांचं जनावर माझ्या वाडीत शिरलं की मी तोंड सोडते आणि ते ऐकू न आल्यासारखं करतात. कान त्यांचे चांगले शाबूत आहेत.

मागच्या हिवाळ्यात त्यांची लाडकी पांढरी गवळाऊ गाय पहिल्यांदा व्यायली. कालवड झाली, आणि या महाराणीने तिला जवळच येऊ दिलं नाही. ते इवलंसं वासरू धडपडत कासेशी गेलं की लाथ बसायची. शेवटी गाईचे मागचे पाय बांधून चीक काढला आणि बाटलीने पाजला. पण आईने जवळ घेतलं नाही, तर असलं वासरू त्या थंडीत फार दिवस टिकत नाही. हे मलाही ठाऊक होतं, मामाजींनाही.

आमच्याकडे अशा वेळी वासराच्या अंगाला गूळ आणि मीठ चोळतात. चाटता चाटता गाईला लळा लागतो म्हणतात. हिने सगळा गूळ चाटूनपुसून घेतला आणि मग लाथ घातली. इतकी मतलबी गाय मी जन्मात पाहिली नव्हती.

"काऊन रुसली वं माय?" मामाजी तिची मानगूट खाजवत विचारत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत गेले तर मेथीचा एक वाफा साफ. कोवळी, लुसलुशीत मेथी होती ती; दोन दिवसांत खुडणार होते. तणतणत गोठ्यात गेले. गाय मेथी खाण्यात गुंग होती आणि वासरू तिच्या कासेला लागलं होतं, शेपटी हलवत.

"मामाजी, माह्या मेथीले हात काऊन लावला?"

"हळू बोल. मेथी खाते तवर उभी राह्यते. वासरू पिऊन राह्यलं, दिसत नाई का तुले?"

दिसत होतं. मी पदर खोचला आणि आणखी मेथी आणायला गेले.

मग रोजचंच झालं. सकाळ-संध्याकाळ मामाजी वासरू सोडायचे आणि मी गाईपुढे मेथी धरायची. मेथी संपली की लाथ ठरलेली. दुधाला मेथीचा वास यायला लागला. चहा कडवट लागतो म्हणून नवऱ्याने तोंड वाकडं केलं, तर मामाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने निमूट कप रिकामा केला. मेथीनंतर पालक गेला, पालकानंतर सांभार, म्हणजे कोथिंबीर. शेवटचा वाफा मी स्वतःच्या हाताने कापला. जीव तुटत होता, खोटं कशाला सांगू? पण तोवर त्या वासराच्या ओल्या नाकाने मला पार लळा लावला होता.

एका सकाळी वाडीत द्यायला काही उरलं नाही. मी रिकाम्या हाताने गेले. मामाजी वासराच्या गळ्यातली दोरी धरून थांबले होते, सोडवेना.

"सोडा," मी म्हटलं. "किती दिवस लाच द्यायची?"

त्यांनी दोरी सोडली. वासरू कासेला भिडलं. गाईने माझे हात हुंगले, काही नाही म्हटल्यावर नाक फुरफुरवलं आणि मागचा पाय उचलला. मामाजी पुढे झाले. पण तो पाय तसाच सावकाश खाली टेकला. गाईने मान वळवली आणि वासराची पाठ चाटायला लागली. पाठ झाली, मग कान, मग पुन्हा पाठ.

मामाजी खुंट्याशी खाली बसले.

"जगलं, बाई," ते म्हणाले.

मला रडूच फुटलं.