सासुरवाडीला नेलेला जांब

माझ्या सासऱ्यांची बाग बुडवली ती मी. पण रीतीने, मानाने आणि पाटावर बसून.

कामरगावला त्यांची जांबाची (म्हणजे पेरूची) बाग होती. त्या वर्षी धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक महिना आला आणि मला, नव्या जावयाला, बोलावणे आले. या महिन्यात जावई म्हणजे प्रत्यक्ष नारायण! नारायणाने रिकाम्या हाताने कसे जावे? मी आमच्या परसातल्या जांबाचे कलम दमणीत (आमच्या छोट्या बैलगाडीत) घातले. त्याच्या फांद्यांवर पांढराशुभ्र कापूस फुटला होता. आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या कपाशीच पेरली. पांढरे दिसले की आम्हाला पीकच वाटते!

"अवो, थो कापूस चालून राह्यला!" बायको म्हणाली.

"जीव हाये झाडात! मुंग्या कशा लागल्या पाह्य. जात गोड हाये म्हून!"

कलम पाहून सासऱ्यांचा चेहरा उतरला. सारा जन्म बागेत गेलेला माणूस! पण सासूबाईंनी नुकतेच माझे पाय धुतले होते, पुढ्यात अनारशांचे ताट होते. अशा जावयाला 'ही कीड हाये' असे कोण म्हणणार?

"जवाईबापू," ते चाचरत म्हणाले, "याले नाल्यापल्याड लावू का?"

"नाल्यापल्याड काहून? मधात लावा, मामाजी! तुमच्या झाडाईले बी याचा गुण लागू द्या!"

लावले. तेही त्यांनी स्वतःच्या हाताने. (मी अनारसा खात देखरेख केली.)

गुण लागला! मुंग्यांनी तो कापूस झाडोझाडी पोचवला. दिवाळी सरेपर्यंत बाग पांढरी झाली, पाने चिकट, काळी पडली, जांब बोराएवढे होऊन गळू लागले. सासऱ्यांची गाडी बाजारात गेलीच नाही. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी पाहायला गेलो. महायुद्धाचे दिवस, घासलेट दिव्यालाही पुरत नसे. ते साबणाच्या पाण्यात कालवून सासरे एकेक झाड धूत होते.

"मामाजी, शिव्या तरी द्या!"

"कशा देऊ, बापू? धोंड्याचा जवाई!"

तीन वर्षांनी पुन्हा धोंडा आला. बाग सावरली होती आणि बोलावणेही आले. म्हणजे माफी झाली! मी हरखून गेलो (रिकाम्या हाताने). बागेच्या फाटकाशीच पाट मांडलेला. सासरे स्वतः तांब्या घेऊन माझे पाय धुवायला बसले. माझे डोळे भरून आले.

मग वास आला. साबण आणि घासलेट!

"हात बी पुढं करा, जवाईबापू," सासरे नम्रपणे म्हणाले.

मी केले. धोंड्याचा मान मला आजही मिळतो. फक्त आधी औषध मारून!