फंक्शनमधली न लिहिलेली ओळ
सुताला लावतात त्या कांजीचा वास आला की सोलापुरातला तो टॉवेलचा कारखाना आठवतो. कोणत्या विणकराला कोणता माग द्यायचा, हे ठरवणारा प्रोग्राम मी लिहिला होता. प्रत्येक वाटणीला गुण देणारं फंक्शनही मीच मॅक्रो, म्हणजे कोडचे छोटे साचे, वापरून बसवलं, आणि त्यात फक्त माग बंद राहण्याचा वेळ धरला. एका विणकराला अंधुक दिसायचं. शेजारच्या मागावरची त्याची बायको त्याचे तुटलेले धागे सांधून द्यायची, तेवढा वेळ तिचा माग बंद राहायचा. प्रोग्रामनं दोघांना दोन टोकांना टाकलं आणि आठवड्याभरात त्याचं काम गेलं. बायकोनं मला गाठलं. "सायेब, आमाला लांब कुनी केलं?" "कॉम्प्युटरनं," मी म्हणालो. "मग त्याला सांगा की, ह्यांना दिसत न्हाय." दोघांना शेजारी ठेवणारी एक ओळ वाढवली असती तर भागलं असतं, पण मालक आकड्यांवर खूश होते, म्हणून मी ती लिहिली नाही. त्याच प्रोग्रामच्या जोरावर मला पुण्यात नोकरी लागली. त्या बाईला खरं सांगायला मी आजवर गेलेलो नाही.