काकूंची टुटीफ्रुटी

"मूठभर टाकली तं काय होते?" असं म्हणेपर्यंत शेजारच्या काकूंनी मूठ रिकामी केलेली असायची. माझ्या केकच्या मिश्रणात. न विचारता.

मलकापुरात मी घरीच केक करून विकते. काकूंच्या परसात पपईची झाडं होती, आणि पपई पिकेपर्यंत थांबणं त्या बाईला माहीतच नव्हतं. कच्चीच चिरायची, उकडायची, पाकात मुरवायची, लाल-हिरवा रंग द्यायचा आणि ताटात पसरून माझ्या गच्चीवर वाळत घालायची. त्यांच्या गच्चीवर म्हणे माकडं येतात. माझ्या गच्चीवर मुंग्यांची रांग लागली, त्याचं काही नाही.

टुटीफ्रुटी मलाही आवडते हो, पण तिच्या जागी. एकदा शेगावच्या साखरपुड्यासाठी चॉकलेट केक होता. मी फोन घ्यायला बाहेर गेले, तेवढ्यात काकूंनी आपलं काम उरकलं. केक कापला तर सगळे तुकडे तळाशी. त्या लोकांनी पुन्हा कधी ऑर्डर दिली नाही. मी संतापले, तर काकू मलाच म्हणतात, "तुनं मैद्यात घोळवली नाई, म्हणून बसली खाली." आता बोला.

मग त्यांचा मुलगा पुण्याहून आला. घर बंद करून आईला कायमचं घेऊन जायचं त्याने ठरवलं होतं. काकूंना जायचं नव्हतं. "मी गेली तं हिचा धंदा बुडन," त्यांनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं.

"खरंच का, ताई?" मुलाने विचारलं.

तुम्ही काय सांगितलं असतं? काकू माझ्याकडे बघतही नव्हत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी म्हटलं, "हो. काकूंशिवाय माझं जमत नाही."

झालं. काकू राहिल्या, आणि त्या दिवसापासून माझ्या मालकीणच झाल्या. माझा चहा व्हायच्या आत दारात हजर. "काऊन वं, अजून भट्टी नाई लावली?" ओव्हनला त्या भट्टीच म्हणायच्या. रोज डोकं फिरवायच्या माझं.

या उन्हाळ्यात त्या गेल्या. आधी काही दिवस दवाखान्यात होत्या. मुलगा सांगत होता, शुद्धीवर आल्या की एकच धोशा, "मले घरी ने, बाप्पा. तिचे केक अडून राह्यले."

एकही केक अडला नव्हता. त्या दिवसांत मी रोज केक केले, सगळ्या ऑर्डरी वेळेवर पोचवल्या. मुलगा माझ्याकडे बघत उभा होता.

"हो रे," मी म्हटलं, "अडलेच होते."